चिकटपट्टी लावलेल्या कॅसेटी

शटर वर गेलं की आम्हाला पाच मिनिटं मिळतात. उंबऱ्याबाहेर उभं राहून, कशाला हात न लावता, जे दिसेल तेवढं बघायचं. टॉर्च चालतो. मान आत घातलेली चालते. पाय आत गेला की गोदामाचा माणूस "हबीबी, बाहर" म्हणतो. मग शटर खाली येतं आणि बोली सुरू होते. ज्याची बोली शेवटची, त्याची ती खोली, आतल्या सगळ्या सामानासकट. दोन दिवसांत रिकामी करून, झाडून परत द्यायची.

गावी, देवरुखला, कोणाला हा माझा धंदा म्हणून सांगितलं की समोरचा थोडा मागे सरकतो. "म्हणजे लोकांचं सामान विकता?" होय, लोकांचं सामान विकतो. दुबईत, शारजात माणसं भाड्याच्या घरात राहतात. नोकरी गेली, बदली झाली, घरमालकाने जागा मागितली, की सामान कुठेतरी ठेवावं लागतं. त्यासाठी मोठमोठ्या गोदामांतून शटरच्या लहान खोल्या भाड्याने मिळतात. माणूस कुलूप लावतो आणि "दोन महिन्यांत येतोच, इन्शाल्ला" म्हणून विमानात बसतो. काही जण येतात. काहींचं भाडं थांबतं, नोटिसा जातात, उत्तर येत नाही. मग आम्हाला फोन येतो.

मी मूळचा स्टोअरकीपर. बी.ए. मराठी होऊन अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत नटबोल्टांच्या नोंदी ठेवल्या. ते कंत्राट संपल्यावर शारजात आलो, सुमनला गावाहून आणली आणि दोघांनी मिळून हे सुरू केलं. दोघांनी म्हणजे खरोखर दोघांनी. बोली मी करायचो, पण शटरपाशी बघायची ती. लिलावाला येणारे सगळे पुरुष, त्यात ही एकटी, पंजाबी ड्रेस, पायात पळायचे बूट. बाकीचे टीव्ही, फ्रिज, सोफा शोधायचे. ती वस्तूंकडे फारसं बघत नसे, त्या कशा ठेवल्या आहेत ते बघायची. कानात सांगायची, "घाईत टाकलंय सगळं, चांगल्या वस्तू खाली दबल्या असणार. घ्या." किंवा, "फार नीट लावलंय हो. हा माणूस परत येणार होता. नको." अशा खोल्या तिने पुष्कळदा सोडायला लावल्या. धंदा म्हणून ते चूकच होतं.

एका खोलीत नुसती खोकी होती, दोन्ही बाजूंनी दोरीने करकचून बांधलेली. लोकांना वाटलं, इलेक्ट्रॉनिक्स असणार. पुष्कळ चढवून ती मी घेतली. आत दुधाची पावडर, ब्लँकेटं, साबण, सुगंधी तेल, लहान मुलींचे फ्रॉक. कोणा साइटवरच्या मिस्त्रीने तीन-चार वर्षं गावी न्यायला जमवलेलं. प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने सांगोल्याजवळच्या एका गावाचा पत्ता होता. दुधाची पावडर गोठून दगड झाली होती.

सुमन म्हणाली, "पाठवून द्या."

"कोणाला? माणूस आहे की नाही माहीत नाही."

"पत्ता आहे ना. माणूस नसला तर फ्रॉकवाली असेल."

"अगं, बोली किती लावली होती, आठवतंय का?"

"आठवतंय. दिरहमातही आणि रुपयांतही. पाठवा."

पाठवलं. पोचल्याचं कधी कळलं नाही. फ्रॉक मुलीला लहान झाले असतील, असं सुमन पुढे कितीतरी दिवस म्हणायची.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. जुन्या सामानाच्या बाजारातल्या आमच्या गाळ्यावर तो त्याचाच सोफा परत विकत घ्यायला आला होता. भाव करताना सोफ्यावर बसून राहिला. उठेचना. सुमनने त्याला चहा दिला आणि मला आत बोलावून म्हणाली, "भाव करू नका. बसलाय कसा बघा. घरी बसल्यासारखा."

गोदामाचा नियम असा की कागदपत्रं, फोटो, पासपोर्ट सापडले तर ऑफिसात जमा करायचे. सुमनने त्यात आपल्या पदरचा एक नियम घातला होता, तो म्हणजे कॅसेटींचा. तो समजायला थोडं मागे जावं लागेल.

मी रुवैसला होतो तेव्हा फोन म्हणजे बूथपुढची रांग आणि तीन मिनिटांत "बरी आहेस ना, बरा आहे." त्यामुळे आम्ही बोलणं कॅसेटमध्ये भरून पाठवायचो. कोरी दिसणारी कॅसेट पाठवली तर गावाहून ती आणणारा माणूसच मध्ये ठेवून घ्यायचा. म्हणून घरातली आरत्यांची जुनी कॅसेट घ्यायची. विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेला दोन चौकोनी भोकं असतात. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर भरता येतं. बाहेरून आरत्या, आत सुमन. ती दोन्ही बाजू भरून पाठवायची. मी चार-सहा वेळा ऐकायचो आणि त्याच कॅसेटवर, पहिल्यापासून, माझं बोलणं भरून परत पाठवायचो. तिचं पुसलं जायचं. मग ती माझ्यावर तिचं भरायची. नवी कॅसेट घेणं जड नव्हतं, पण दर वेळी नवी म्हणजे उधळपट्टी, असं आम्ही दोघंही मानत होतो. पाटी पुसून पुन्हा लिहावं, तितकं ते साधं वाटायचं.

मला बोलता येत नाही. लिहायला सांगा, चार पानं लिहीन. टू-इन-वन टेपरेकॉर्डरपुढे बसलो की सात-आठ मिनिटांत संपायचं. सुमन पुढच्या कॅसेटमध्ये तक्रार करायची, "तुमची बाजू अर्धीसुद्धा भरत नाही. तुमचं संपल्यावर मलाच माझं ऐकू येतं." तेव्हा एकदा मी युक्ती केली. ख्यालीखुशाली सांगून झाल्यावर जवळची एक कादंबरी उघडली आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत मोठ्याने वाचत गेलो. त्यानंतर आरत्यांची ती कॅसेट परत आलीच नाही. पुढच्या वेळी भूपाळ्यांची आली. आरत्यांची कुठे गेली म्हणून विचारलं, तर त्यातच म्हणाली, "हरवली हो कुठेतरी. घरात माणसं थोडी आहेत का."

तर सुमनचा नियम हा. खोलीत कॅसेटी सापडल्या तर आधी वरची कड बघायची. भोकं उघडी असतील तर गाणी, विक्रीच्या ढिगात. भोकांवर चिकटपट्टी असेल तर आत कोणीतरी बोलतंय. ती बाजूला काढायची, ऑफिसातून माणसाचा नंबर मिळवायचा आणि फोन करत राहायचं. बाजारातले लोक हसायचे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आयांनी अशाच कॅसेटी पाठवल्या असतील, पण हसायचे.

सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. आजार तीन महिन्यांचा. मागे राहिलं ते सामान मी नीट लावून ठेवलं, मला तेवढंच येतं. तिच्या कपाटात साड्यांखाली एक कॅसेट मिळाली. घाईघाईने यंत्रात घातली, तर माझाच आवाज, कादंबरी वाचणारा. बंद केली आणि परत साड्यांखाली ठेवली. मला तिचा आवाज हवा होता. फोनवर तो असायला हवा, असं कोणालाही वाटेल. पण आम्ही दिवसभर एकाच पिकअपमध्ये, एकाच खोलीच्या धुळीत. एकमेकांना फोनवर बोलून निरोप कशाला पाठवू? व्हॉट्सॲपवर ती टाईप करायची. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत आहे, हसते, काहीतरी सांगते, आणि नेमका तिथे बँड वाजतो आहे.

ती गेल्यावर मी लिलावाला एकटा जाऊ लागलो. मला तिच्यासारखं बघता येत नसे, म्हणून लहान खोल्या घ्यायचो. गेल्या हिवाळ्यात दुबईतल्या अल कूझच्या गोदामात अशीच एक घेतली. शटर वर गेलं तेव्हा दिसली एक लोखंडी पलंगाची चौकट, दोन ट्रंका, हॉटेलच्या स्टीवर्डचे काळे कोट, आणि मधोमध एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीसमोर उलट्या क्रेटवर जुना टू-इन-वन. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

खोली घेतली. डब्यात वापरलेले सेल होते, काठोकाठ. ते फेकले. एका ट्रंकेत जुन्या हिंदी गाण्यांच्या कॅसेटी होत्या. मी कड बघितली नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवलं होतं. हात वरच्या कॅसेटकडे गेलाही होता. पण त्या दिवशी ते करायला लागलो असतो तर ती नाही हे पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं, म्हणून मी ट्रंकेचं झाकण लावलं. टू-इन-वनसकट सगळा ढीग रास अल खैमाच्या कुंजुमोनला देऊन टाकला. कुंजुमोन केरळचा, जुने रेडिओ आणि कॅसेटी विकतो. हल्ली तरुण पोरं असल्या वस्तू हौसेने घेतात.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. "हॅलो, तुम्ही मराठी आहात ना? गोदामाच्या ऑफिसने तुमचा नंबर दिला. मी जेनिफर. जेनिफर डिमेलो."

त्याच संध्याकाळी ती आली. चाळिशीची, बँकेच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात. मूळची वसईची, आता अल बर्शात नवरा-मुलांसोबत. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ती खोली माझ्या पप्पांची होती, अंकल. आम्हाला ठाऊकच नव्हती. रिटायर झाल्यावर ते आमच्याकडेच राहायचे. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की म्हणायचे, दोस्ताकडे जातो. तीन-चार तास. आम्ही चिडवायचो, दोस्त आहे की कोणी बाई आहे?" ती थोडं हसली. "पप्पा गेले, बँकेने त्यांचं अकाउंट बंद केलं. भाडं त्यातून जायचं. नोटिसा त्यांच्या फोनवर. फोन ड्रॉवरमध्ये, स्विच ऑफ. गेल्या आठवड्यात मुलाने फोटोंसाठी चालू केला, तर हे सगळे मेसेज."

"सामान अजून थोडं आहे माझ्याकडे. कोट आहेत. पलंग आहे."

"पलंग नको. कॅसेटी होत्या का?"

मी खुर्ची पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

"मी सहा वर्षांची असताना मम्मी गेली. पप्पा इकडेच होते. ती त्यांना कॅसेट भरून पाठवायची, मला मांडीवर घेऊन. ते मला आठवतं. लाल बटण मी दाबायची. पण तिचा आवाज नाही आठवत. चेहरा फोटोत आहे. माझी मुलं इंग्लिशमध्ये विचारतात, हाऊ डिड युवर मॉम टॉक? मी काय सांगू? ती गेल्यावर पप्पा कॅसेटी इकडे घेऊन आले. मी विचारलं की म्हणायचे, त्या खराब झाल्या, फेकल्या." मग हलकेच म्हणाली, "फेकल्या नव्हत्या ना?"

मला खोलीतली खुर्ची दिसली. खुर्ची, समोर टू-इन-वन, आणि डबाभर संपलेले सेल. त्या खोल्यांत विजेचा प्लग नसतो. सुमनने उंबऱ्यातूनच सांगितलं असतं, इथे कोणीतरी बसून ऐकत होतं.

"मी त्या विकल्या," मी म्हणालो. "बघायला हव्या होत्या. बघितल्या नाहीत."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "कुठे?"

"उद्या सकाळी जाऊ. दुकान आता बंद असेल."

सकाळी आम्ही दोघं निघालो. रास अल खैमाचे डोंगर दिसू लागले तेव्हा म्हणाली, "एक जरी असली ना, अंकल, तरी चालेल." मी हो म्हणालो. आपण कशाला हो म्हणतो आहोत ते मला माहीत नव्हतं.

कुंजुमोन दुकानात रेडिओ उघडून बसला होता. मी विचारण्याआधीच तो सुरू झाला. "अरे साब, आप कैसा माल दिया? एक आदमी वापस लेके आया. बोला, गाना नहीं है, कोई आदमी खाँसता है."

"बाकीच्या कुठे?"

"बाकी गाना बिक गया. खाँसी वाला रखा है." टेबलाखालून त्याने एक खोकं ओढलं. त्यात सात कॅसेटी होत्या. सगळ्यांच्या वरच्या कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी. कुंजुमोन त्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "मेरा अम्मा भी ऐसा भेजता था. मैं देखा, फिर नहीं बेचा. फेंका भी नहीं."

माझ्याकडे न बघताच त्याने हे म्हटलं, ते बरं झालं.

डिमेलोंचाच टू-इन-वन शेल्फवर होता. कुंजुमोनने त्याला वीज जोडली. पहिली कॅसेट लावली. खरखर, खोकला, मग एक पुरुष, "हॅलो मार्गारेट. मी बावतीस बोलतो. मी बरा आहे. तुझी कॅसेट भेटली. इकडे गरमी फार. हॉटेलात नवीन मॅनेजर आला. आणखी काय." परत खोकला. "जेनीला पेपरमिंट पाठवलेत. आणखी काय..."

जेनिफरने मान खाली घातली. "हे पप्पा आहेत," ती म्हणाली. "पप्पांचा आवाज आठवतो मला. मम्मीच्या वरती भरलं ना त्यांनी?"

"हो," मी म्हणालो. "आम्ही सगळे तसंच करायचो."

"सगळे?"

"सगळे."

तिने बंद करण्यासाठी हात पुढे केला. कुंजुमोन म्हणाला, "रुको, रुको. पूरा चलने दो." त्याचं हे रेडिओवाल्याचं डोकं. यंत्र तो कधी मध्येच बंद करत नाही. बावतीस डिमेलो "बस, आता ठेवतो. सांभाळून राहा" म्हणाले. खट्ट आवाज झाला. आणि त्याच क्षणी, अर्ध्या वाक्यातून, एक बाई बोलू लागली.

"...डोळ्यांत पाणी नाय. सिस्टरने सांगितलं, आज जेनी रडली नाय. मी म्हटलं, रडेल कशी, तिचे पप्पा पेपरमिंट पाठवणार हायत. आता बटण दाबायला बसलीय बघा मांडीवर. जेनी, बोल पप्पांशी. बोल ना. आता कशी गप बसली..."

जेनिफर जवळच्या स्टुलावर बसली. टेप चालत राहिली. विहिरीचं पाणी, चुलत्याचं भांडण, केळीचा घड किती लागला, पाचूबंदरचे मासे महाग झाले. वीस मिनिटांहून जास्त. कमी बोलणाऱ्या माणसाने फक्त सुरुवात पुसली होती, बाकी सगळी बाई शिल्लक होती. दर शुक्रवारी तो स्वतःला ओलांडून तिच्यापर्यंत जात होता. मुलीला त्याने का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही. कदाचित आधी आपण पुसलेलं सांगावं लागलं असतं.

"हसते कशी बघा," जेनिफर म्हणाली. "माझी मुलगी अशीच हसते."

कुंजुमोनने पैसे घेतले नाहीत. यंत्रही देऊन टाकलं आणि मला म्हणाला, "आप अगली बार देखके देना, साब." मी बरं म्हणालो.

परतताना सातही कॅसेटी तिच्या मांडीवर होत्या. गाडी मी चालवत होतो. शारजा जवळ आल्यावर तिने विचारलं, "अंकल, तुमच्याकडे आंटींची आहे का अशी?"

"एक आहे. पण तिच्यात मीच आहे."

"पुढे ऐकलंय?"

ऐकलं नव्हतं. मी गाडीचा वेग वाढवला.

तिला सोडून घरी आलो. दुपारचे दोन वाजले असतील. जेवलो नाही. साड्यांखालून कॅसेट काढली, यंत्रात घातली आणि खुर्ची ओढून बसलो. "सुमन, मी बरा आहे" इथून सुरुवात. मग कादंबरी. माझा तिशीतला आवाज, जरा शिक्षकासारखा, जोडाक्षरांवर थांबणारा. थांबेल, आता थांबेल, असं म्हणत मी ऐकत होतो. सात मिनिटं झाली, पंधरा झाली. मी थांबलो नाही. त्या दिवशी मी अगदी मन लावून वाचत होतो. बाजूच्या टोकाशी, टेप संपताना, मी म्हटलेलं आहे, "झाली बघ भरून. आता तक्रार करू नकोस." आणि बटण उडालं. दुसरी बाजू लावली. तीही शेवटपर्यंत भरलेली. सुमन कुठे नव्हती. एक शब्दसुद्धा मी शिल्लक ठेवला नव्हता.

कॅसेट बाहेर काढली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने वरची कड बघितली. कॅसेट आरत्यांची होती. तीच, हरवलेली. भोकं उघडी होती. दोन्ही भोकांभोवती डिंकाचे तपकिरी चौकोन उरले होते, कडा सरळ, स्वच्छ. पट्टी जुनी होऊन गळते तेव्हा असं होत नाही, तुकडे राहतात. ही नखाने, सावकाश सोलून काढलेली होती. आता हिच्यावर कोणाला काही भरता येऊ नये म्हणून. मलाही नाही आणि स्वतःलाही नाही.

पुढल्या सगळ्या गोष्टी ती भूपाळ्यांवर बोलली, आणि त्या मी दर वेळी पुसत राहिलो.

लिलावाला मी अजून महिन्यातून एखाद्या वेळी जातो. शटर वर गेलं की आधी खुर्ची आहे का ते बघतो. जेनिफरचा फोन येतो. मुलांनी ग्रॅनीचं बोलणं मोबाईलवर उतरवून घेतलंय म्हणाली, आणि "आता कशी गप बसली" हे घरात सगळे एकमेकांना म्हणतात.

शुक्रवारी दुपारी मी ती कॅसेट लावतो. दुसऱ्या बाजूला, मध्यावर, मी पान उलटायला थांबलो आहे. दोन-तीन सेकंद असतील. यंत्र तेव्हाही भरतच होतं, त्यामुळे त्या जागेत तिचं काहीही उरलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिथे आलो की मी आवाज वाढवतो.